लाइट आली, राउटर आला, ईएसपी३२ मात्र येईना: वायफाय आपोआप परत का जोडलं जात नाही, हे शोधायचं कसं

गच्चीवरच्या टाकीची पातळी मोजणारा किंवा शेतातला पंप चालू-बंद करणारा ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) टेबलावर दिवसभर बिनतक्रार चालतो. मग तो जागेवर बसतो, एकदा लाइट जाऊन येते आणि मोबाइलवरचा आकडा होता तिथेच थांबतो. कोणीतरी शिडी चढून रीसेटचं बटण दाबलं की सगळं पुन्हा सुरळीत.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘तासातासाला बोर्ड रीस्टार्ट करून टाक’. मला तो पटत नाही. रीस्टार्ट होताना रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा विजेचा स्विच) सुटतो, चालू पंप बंद पडतो आणि खरं कारण तसंच राहतं. शिवाय राउटरच बंद असेल तर शंभर रीस्टार्टनीही काही साधत नाही. जोडणी का तुटली हे बोर्ड स्वतः सांगतो. आधी ते विचारून घ्यायचं, मग कोडला हात लावायचा. खालच्या पायऱ्या आर्डुइनोच्या ईएसपी३२ गाभ्यासाठी (‘कोअर’, म्हणजे आर्डुइनोतून या बोर्डासाठी कोड लिहू देणारा सॉफ्टवेअर संच) आहेत. त्याचा जुना भाऊ ईएसपी८२६६ जिथे वेगळा वागतो तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी १: वायफाय तुटतंय की बोर्डच बंद होऊन चालू होतोय?

मोबाइलवरून दोन्ही सारखंच दिसतं: आकडे येणं थांबतं. म्हणून ‘सेटअप’च्या (बोर्ड चालू होताना एकदाच चालणाऱ्या भागाच्या) पहिल्याच ओळीत ‘ईएसपी_रीसेट_रीझन’ हे फंक्शन बोलावून त्याचं उत्तर छापा. बोर्ड वीज आल्यामुळे चालू झाला, कोड कोसळल्यामुळे, वॉचडॉगमुळे (कोड अडकला की बोर्ड रीसेट करणारा पहारेकरी) की व्होल्टेज पडल्यामुळे, हे त्यातून कळतं. बोर्ड जागेवर असताना सिरियल मॉनिटर लावून बसणं शक्य नसतं, तेव्हा हे उत्तर आणि एक रीस्टार्ट-मोजणी ‘प्रेफरन्सेस’ लायब्ररीने फ्लॅशमध्ये ठेवा आणि जोडणी झाल्यावर पहिल्या संदेशात पाठवून द्या.

उत्तर ‘ब्राउनआउट’ (म्हणजे व्होल्टेज पडलं) आलं, तर पुढचं सगळं बाजूला ठेवून वीजपुरवठा बघा. ईएसपी३२चा रेडिओ प्रसारण करताना काही क्षण २४० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो, आणि पुरवठा निदान ५०० मिलिअँपिअरचा असावा असं चिप बनवणारी एस्प्रेसिफ कंपनीच सांगते. जुना चार्जर, त्यातून बारीक तारांची लांब यूएसबी केबल, त्यातूनच रिलेची कॉइलही चालतेय, अशी मांडणी असेल तर जोडणी करतानाच व्होल्टेज खाली जातं. म्हणजे बोर्ड नेमका वायफाय जोडायला लागला की मरतो, पुन्हा उठतो, पुन्हा जोडायला जातो. मल्टिमीटरवर ही घसरण दिसत नाही, कारण तो सरासरी दाखवतो. बोर्डाच्या ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड पिनांच्या मधे ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून बघा (ध्रुव सांभाळून). रिलेला वेगळा पुरवठा द्या.

लिथियम सेलवर चालणाऱ्यांसाठी एक सूचना. पुष्कळ स्वस्त बोर्डांवर एएमएस१११७ हा रेग्युलेटर असतो. त्याला आत-बाहेर सुमारे एक व्होल्टाचा फरक लागतो. ३.७ व्होल्टांचा सेल त्याच्या ५ व्होल्टच्या पिनेला जोडला तर पलीकडे ३.३ निघणं शक्यच नाही. बोर्ड सुरू होईल, दिवाही लागेल, पण वायफायच्या वेळी मान टाकेल.

पंप सुरू होण्याच्या क्षणीच बोर्ड बंद पडत असेल, तर संशय कॉन्टॅक्टरवर (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या रिलेवर) घ्या. त्याच्या कॉइलवर स्नबर (विजेचा झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा आणि बोर्डाच्या तारा मोटरच्या तारांपासून लांब न्या.

पायरी २: तुटण्याचं कारण क्रमांकासह छापा

‘वायफाय.स्टेटस’ एवढंच बघून निदान होत नाही. ते ‘जोडलेलं नाही’ म्हणतं, का ते सांगत नाही. त्यासाठी ‘वायफाय.ऑनइव्हेंट’ वापरून जोडणी तुटल्याची घटना पकडा आणि तिच्यासोबत येणारा ‘रीझन’ हा आकडा छापा. गाभ्याच्या २.० आवृत्तीपासून या घटनांची नावं ‘सिस्टम_इव्हेंट’ऐवजी ‘आर्डुइनो_इव्हेंट’ने सुरू होतात. जुन्या धड्यांमधला कोड कंपाइल होत नाही तो बहुधा यामुळेच.

नेहमी भेटणारे आकडे असे:

- २०१: त्या नावाचं नेटवर्क सापडलंच नाही. राउटर बंद आहे, अजून सुरू होतोय, नाव चुकलंय, ५ गिगाहर्ट्झवर आहे किंवा रेंजच नाही.
- २००: राउटरचे बीकन (‘मी इथे आहे’ असे सतत येणारे संदेश) येणं थांबलं. राउटर अचानक बंद झाला किंवा सिग्नल फारच क्षीण आहे. ईएसपी३२ साधारण ६ सेकंद बीकनची वाट पाहतो, मग स्वतःहून राउटरला साद घालून बघतो आणि उत्तर नाही आलं तरच जोडणी तुटल्याचं जाहीर करतो.
- १५ आणि २०४: एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांची देवाणघेवाण अर्धवट राहिली. पासवर्ड चुकीचा असला तरी बहुधा हेच येतं. पण पासवर्ड बरोबर असून अधूनमधून येत असेल, तर सिग्नल किंवा वीजपुरवठा बघा.
- २ आणि २०२: ओळख पटवण्याच्या टप्प्यावर अडलं. २०२ सतत येत असेल तर पासवर्ड आणि राउटरची सुरक्षा पद्धत तपासा.
- ५: राउटरवर उपकरणांची मर्यादा भरली. घरात पाहुणे आले की बंद पडणाऱ्या प्रकल्पांचं हे एक कारण.
- ८: जोडणी आपण स्वतः तोडली. तुमच्याच कोडमध्ये कुठेतरी ‘वायफाय.डिसकनेक्ट’ आहे किंवा ‘बिगिन’ (जोडणी सुरू करणारं फंक्शन) पुन्हा बोलावलं जातंय.

शेवटचा आठ नंबर जपून बघा. तो आला की गाभा ‘मालकानेच तोडलंय’ असं समजतो आणि आपोआप जोडण्याचा प्रयत्न करतच नाही. ‘ऑटो-रीकनेक्ट चालू केलंय तरी चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हाच असतो.

ईएसपी८२६६वर ‘ऑनस्टेशनमोडडिसकनेक्टेड’ हे फंक्शन एक हँडलर परत देतं. तो जागतिक व्हेरिएबलमध्ये धरून ठेवावा लागतो. नाही ठेवला तर तो लगेच नष्ट होतो, कुठलीही त्रुटी दिसत नाही आणि तुमचं फंक्शन कधीच चालत नाही.

घटना पकडणारं फंक्शन ईएसपी३२वर तुमच्या ‘लूप’मधून (सतत फिरत राहणाऱ्या मुख्य कोडमधून) चालत नाही, वेगळ्या टास्कमधून चालतं. तिथे ‘डिले’ टाकू नका, सर्व्हरशी बोलू नका. कारणाचा आकडा व्हेरिएबलमध्ये ठेवा, एक खूण करा आणि बाहेर या. बाकीचं काम ‘लूप’चं.

पायरी ३: राउटर आणि जागा

ईएसपी८२६६, साधा ईएसपी३२, एस३, सी३ ही सगळी मंडळी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं असेल तर २.४ला वेगळं नाव देऊन बघा. आयफोनच्या हॉटस्पॉटवर चाचणी करताना सेटिंगमधला सर्वाधिक सुसंगततेचा पर्याय चालू करा, नाहीतर २०१ येत राहील आणि तुम्ही कोड चाळत बसाल.

चॅनेल ‘ऑटो’वर असेल तर राउटर प्रत्येक वेळी चालू होताना वेगळं चॅनेल घेऊ शकतो, आणि १२ किंवा १३ वर गेला तर सगळीच उपकरणं त्याला सहज शोधत नाहीत. ‘लाइट गेल्यावर कधी येतो, कधी येत नाही’ या लहरीपणाचा उगम इथेही असू शकतो. १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनेल पक्कं करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३च्या मिश्र पर्यायावर अडत असेल तर निव्वळ डब्ल्यूपीए२ करून फरक पडतो का बघा. उलट राउटर फारच जुना, फक्त डब्ल्यूपीएवाला असेल, तर ईएसपी३२ त्याला मुळात नाकारतो, कारण त्याची किमान अपेक्षा डब्ल्यूपीए२ आहे. ती ‘सेटमिनसिक्युरिटी’ने खाली आणता येते. राउटर बदलता येत असेल तर बदलणं जास्त बरं.

सिग्नल ‘आरएसएसआय’ने मोजा आणि प्रत्येक संदेशासोबत पाठवा. उणे ६५ डीबीएमच्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. उणे ८०च्या खाली गेलं की कितीही सुबक कोड लिहा, जोडणी तुटतच राहणार. बोर्ड पत्र्याच्या पेटीत बंद असेल तर आधी प्लास्टिकची पेटी घ्या. अँटेनाचं टोक पेटीच्या कडेला, तारा आणि रिलेपासून दूर ठेवा. पत्र्याची पेटी अटळच असेल तर बाहेरच्या अँटेनाची सोय असलेलं मॉड्यूल येतं, ते वापरा.

घरात एकाच नावाचे दोन राउटर किंवा एक्स्टेंडर असतील तर एक खोच आहे. ईएसपी३२ मूळ सेटिंगमध्ये त्या नावाचा जो पहिला सापडेल त्यालाच चिकटतो, मग तो तळमजल्यावरचा का असेना. ‘बिगिन’च्या आधी ‘सेटस्कॅनमेथड’ने सगळी चॅनेलं शोधायला सांगा आणि ‘सेटसॉर्टमेथड’ने सिग्नलनुसार निवडायला सांगा. जोडायला थोडा जास्त वेळ लागतो, पण गच्चीवरचा बोर्ड गच्चीजवळच्याच एक्स्टेंडरकडे जातो.

पायरी ४: पुन्हा जोडण्याचं काम एकाच्याच हाती द्या

बहुतेक कोड इथे फसतो. गाभ्याचं ऑटो-रीकनेक्ट चालू असतं, घटना पकडणाऱ्या फंक्शनमध्ये कोणीतरी ‘रीकनेक्ट’ लिहिलेलं असतं आणि ‘लूप’मध्ये ‘जोडलेलं नसेल तर बिगिन’ अशी तिसरी ओळ असते. तिघं मिळून एकमेकांचे प्रयत्न मोडतात. सिरियल मॉनिटरवर ‘एसटीए इज कनेक्टिंग, रिटर्न एरर’ अशी ओळ दिसली तर हेच चाललं आहे. सगळी चॅनेलं शोधणं, ओळख पटवणं, किल्ल्या ठरवणं आणि मग आयपी पत्ता मिळवणं, याला काही सेकंद लागतात. दर दोन सेकंदांनी ‘बिगिन’ मारणारा कोड कधीच पूर्ण जोडला जात नाही.

कोणत्या कारणानंतर पुन्हा प्रयत्न करायचा हे गाभा स्वतः ठरवतो, आणि ते आवृत्तीनुसार बदलत आलं आहे. म्हणून मी ऑटो-रीकनेक्ट बंद करून सगळा कारभार ‘लूप’मधल्या एका छोट्या फंक्शनकडे देतो.

‘सेटअप’मध्ये क्रमाने हे करा: ‘पर्सिस्टंट’ला ‘फॉल्स’ द्या, म्हणजे नाव-पासवर्ड पुन्हा पुन्हा फ्लॅशवर लिहिला जाणार नाही. मोड ‘स्टेशन’ ठेवा. ‘सेटऑटोरीकनेक्ट’ला ‘फॉल्स’ द्या. बोर्ड बॅटरीवर नसेल तर ‘सेटस्लीप’लाही ‘फॉल्स’ द्या. काही राउटरांशी रेडिओची डुलकी जुळत नाही. घटना पकडणारं फंक्शन नोंदवा. मग ‘बिगिन’ एकदाच बोलवा आणि वाट न पाहता पुढे जा. ‘जोडलं जाईपर्यंत थांब’ असा ‘व्हाइल’चा फेरा उदाहरणांमध्ये सर्रास असतो. लाइट आल्यावर राउटर आणि फायबरची पेटी उठायला मिनिट-दोन मिनिटं घेतात. तेवढा वेळ तुमचा बोर्ड टाकी भरली का हे न बघता ठिपके छापत बसतो.

‘लूप’मधल्या फंक्शनचा हिशेब असा:

१. जोडलेलं असेल तर थांबण्याचा काळ परत २० सेकंदांवर आणा आणि बाहेर पडा.
२. जोडलेलं नसेल, पण मागच्या प्रयत्नाला ठरलेला काळ झाला नसेल, तर काहीही न करता बाहेर पडा.
३. काळ उलटला असेल तर ‘डिसकनेक्ट’ करा, नाव-पासवर्ड देऊन ‘बिगिन’ बोलवा, आत्ताची वेळ नोंदवा आणि थांबण्याचा काळ दुप्पट करा. पाच मिनिटांच्या वर मात्र नेऊ नका.

वेळ ‘मिलिस’ने मोजा आणि तुलना नेहमी वजाबाकीने करा: आत्ताची वेळ उणे मागची वेळ, दोन्ही ‘अनसाइन्ड लाँग’. ‘मिलिस’ सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. ‘पुढची वेळ’ आधीच बेरीज करून ठेवणारा कोड त्या दिवशी गडबडतो, वजाबाकी करणारा गडबडत नाही.

‘डिसकनेक्ट’ केल्यावर आठ नंबरचं कारण छापलं जाऊ शकतं. ते आपलंच आहे, घाबरू नका. नोंदीत मात्र त्याआधीचं कारण जपून ठेवा.

आणि पंपाचं काय? फ्लोट स्विच वाचणं, रिले पाडणं (म्हणजे बंद करणं) हे सगळं या फंक्शनच्या बाहेर, वायफाय असो-नसो, प्रत्येक फेरीत चाललं पाहिजे. त्याहूनही पुढे जाऊन मी म्हणेन की टाकी भरल्यावर पंप बंद करणारा एक फ्लोट स्विच थेट कॉन्टॅक्टरच्या वायरिंगमध्ये घाला. कोडवर पाण्याचा आणि मोटरचा भरवसा ठेवू नये. (सेन्सर ईएसपी३२च्या दुसऱ्या एडीसीवर (व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या भागावर), म्हणजे २५, २६, २७ अशा पिनांवर असेल तर वायफाय सुरू होताच त्याचं वाचन बिघडतं. तो ३२ ते ३९ मधल्या पिनेवर न्या.)

पायरी ५: वायफायमॅनेजर वापरत असाल तर

मोबाइलवरून पासवर्ड टाकण्याची सोय देणारी ही लायब्ररी फार उपयोगी, पण लोडशेडिंगच्या गावात तिचा एक सापळा आहे. लाइट येते, बोर्ड लगेच उठतो, राउटर अजून उठतोय. लायब्ररीला नेटवर्क सापडत नाही, म्हणून ती स्वतःचं सेटिंगचं पान उघडते आणि मूळ सेटिंगमध्ये तिथेच अनंतकाळ थांबते. राउटर मिनिटाने उठला तरी बोर्डाला त्याचं काही नाही. रीसेट दाबल्यावर चालतं ते म्हणूनच, कारण तोवर राउटर तयार असतो.

उपाय एका ओळीचा: ‘सेटकॉन्फिगपोर्टलटाइमआउट’ला १८० सेकंद द्या आणि वेळ संपल्यावर बोर्ड पुन्हा सुरू करा. त्याहून चांगलं म्हणजे सेटिंगचं पान फक्त बटण दाबून धरल्यावरच उघडेल असं करा. एकदा बसवलेल्या बोर्डाला रोज पासवर्ड विचारायची गरज नसते.

पायरी ६: वायफाय जोडलंय, तरी आकडे येत नाहीत

इथे वायफायला दोष देणं चुकीचं. राउटर चालू असतो, बोर्ड त्याला जोडलेला असतो, पण पुढची वाट अडलेली असते.

स्थिर आयपी दिला असेल तर ‘कॉन्फिग’मध्ये डीएनएसचा पत्ताही दिलाय का बघा. तो नसला तर जोडणी होते, पण सर्व्हरचं नाव शोधता येत नाही. राउटरमध्येच बोर्डासाठी पत्ता राखून ठेवणं सगळ्यात बिनघोर.

सुरक्षित जोडणी वापरत असाल आणि प्रमाणपत्र तपासत असाल, तर बोर्डाचं घड्याळ बरोबर असावं लागतं. लाइट गेल्यावर ते १९७०मध्ये जातं. इंटरनेटवरून वेळ मिळाल्याशिवाय सर्व्हरकडे जाऊ नका. अशा जोडणीला मेमरीही बरीच लागते, म्हणून ‘गेटफ्रीहीप’चा (मोकळ्या मेमरीचा) आकडा संदेशात घाला. तो दिवसागणिक घटत असेल तर जुन्या जोडण्या नीट बंद होत नाहीत. वायफाय तुटल्याचं कळताच जुन्या क्लायंटवर ‘स्टॉप’ बोलवा.

एमक्यूटीटीसाठी (ब्रोकर नावाच्या सर्व्हरमार्फत छोटे संदेश पाठवण्याची पद्धत) पबसबक्लायंट ही लायब्ररी वापरत असाल तर ‘स्टेट’ छापा. उणे दोन म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही, उणे चार म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही, पाच म्हणजे परवानगी नाही. त्याचं ‘कनेक्ट’ उत्तराची वाट पाहत १५ सेकंदांपर्यंत सगळा ‘लूप’ अडवू शकतं. ‘सेटसॉकेटटाइमआउट’ने ते कमी करा, आणि प्रत्येक फेरीत नव्हे तर पायरी ४सारखाच काळ राखून प्रयत्न करा.

दोन बोर्डांवर एकच कोड चढवला आणि क्लायंट आयडी तोच राहिला, तर दुसरा जोडला गेला की ब्रोकर पहिल्याला बाहेर काढतो. पहिला परत येतो, दुसरा बाहेर. लांबून पाहणाऱ्याला हे हुबेहूब वायफाय तुटल्यासारखं दिसतं. आयडीत बोर्डाचा मॅक पत्ता (तो प्रत्येक बोर्डाचा वेगळा असतो) जोडला की प्रश्न मिटतो.

पायरी ७: रीस्टार्ट, पण अटींवर

रीस्टार्टला माझा सरसकट विरोध नाही. अर्धा तास जोडणी नाही, पंप बंद आहे आणि शेवटचं कारण २०१ नाही, या तिन्ही अटी जुळल्या तर खुशाल करा. २०१ असेल तर राउटरच नाही, रीस्टार्टचा उपयोग शून्य. ईएसपी८२६६वर केबलने कोड चढवल्यानंतर एकदा हाताने रीसेट दाबा किंवा वीज काढून लावा. तसं न करता कोडमधून रीस्टार्ट केलं तर तो अडकून बसतो.

बसवण्याआधी मुद्दाम बिघाड करून बघा

राउटर दहा मिनिटं बंद ठेवून चालू करा. मग राउटर आणि बोर्ड एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून दोन्हीची वीज एकदम घालवा आणि आणा. लाइट जाण्याची खरी नक्कल हीच. नंतर राउटर चालू ठेवून फक्त मागची इंटरनेटची केबल काढा: वायफाय जोडलेलं राहिलं पाहिजे आणि केबल लावल्यावर संदेश परत सुरू झाले पाहिजेत. राउटरचा पासवर्ड तात्पुरता बदला आणि बोर्ड शांतपणे, वाढत्या अंतराने प्रयत्न करतोय का बघा. या प्रत्येक चाचणीत, जोडणी नसताना, फ्लोट हाताने वर उचला. रिले ताबडतोब पडला नाही तर कोडमध्ये अजून कुठेतरी ‘व्हाइल’ किंवा लांबलचक ‘डिले’ लपलेला आहे. तो सापडेपर्यंत बोर्ड पंपाला जोडू नका.